घरपोच ताण तपासणी: नमुना वेळेवर, दावा फुगवलेला

आमच्या भागातील एका प्रयोगशाळेची ‘ताण तपासणी’ मी नुकतीच घरी करून घेतली. रक्ताचा नमुना घेणारा कर्मचारी सकाळी ठीक 8 वाजता आला. या तपासणीत मोजल्या जाणाऱ्या कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची पातळी सकाळी सर्वाधिक आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असल्यामुळे या वक्तशीरपणाला खरोखरच मोल आहे. ‘दीर्घकालीन ताणाचे अचूक मोजमाप’ हा पत्रकातील दावा मात्र पटत नाही. ताण आला की मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातील सीआरएच आणि व्हॅसोप्रेसिन ही संप्रेरके पीयूष ग्रंथीतील पेशींवरच्या आपापल्या रिसेप्टरना, म्हणजे ग्राहींना, चिकटतात आणि एसीटीएच हे कॉर्टिसॉल वाढवणारे संप्रेरक स्रवते. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की, काही प्रकारचा ताण लांबला तर सीआरएचचे ग्राही घटतात आणि व्हॅसोप्रेसिनचे व्ही1बी ग्राही वाढतात. जणू ग्रंथीचे कान एका हाकेला मंद आणि दुसरीला तिखट होतात. हा बदल रक्ताच्या एका नमुन्यात कसा उमटणार? सुईच्या भीतीनेही कॉर्टिसॉल वाढू शकते, याचा पत्रकात उल्लेख नाही. कॉर्टिसॉलचे मोजमाप बदलू शकणारी स्टेरॉइडयुक्त औषधे चालू आहेत का, हेही मला कोणी विचारले नाही.