पैसे कुणी मागितलेच नव्हते

नोकरीसाठी कुणी पैसे मागितले की तिथून निघायचं, हे आम्हाला फर्स्ट इयरपासून पाठ होतं. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर तसा कागदही चिकटवलेला होता. त्यामुळे कॅम्पस इंटरव्ह्यू घेणाऱ्या कंपनीच्या एचआर मॅडम माइक हातात घेऊन म्हणाल्या, "आम्ही विद्यार्थ्यांकडून एक रुपया घेत नाही," तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. आमच्याकडून त्यांनी खरंच काही घेतलं नाही. आमच्या नावावर कर्ज काढलं.

मी मेकॅनिकलचा, २०२३ चा पासआउट. कॉलेज सोलापूर जिल्ह्यातलं, गाव मंगळवेढ्याजवळ, घरी ज्वारीची शेती. एकूण ६४ टक्के, म्हणजे '६० टक्के थ्रूआउट' या अटीत कसाबसा बसणारा. ते वर्षच वाईट होतं. मोठ्या आयटी कंपन्यांनी २०२२ च्या पोरांना ऑफर लेटर देऊनही महिनोन्‌महिने जॉइन करून घेतलं नव्हतं, त्यामुळे आमच्यासाठी नवीन कंपन्या येण्याचा प्रश्नच नव्हता. वर्गातल्या ७० पैकी एप्रिलपर्यंत ९ जण प्लेस झाले होते. तेवढ्यात टीपीओ, म्हणजे कॉलेजात प्लेसमेंट बघणाऱ्या सरांचा ग्रुपवर मेसेज आला: पूल कॅम्पस, पॅकेज ४.२ लाख, सगळ्या ब्रँच चालतील, बॅकलॉग असला तरी चालेल.

बॅकलॉग असला तरी चालेल, हे वाचून आम्ही खूश झालो. खरं तर तिथेच थांबून विचार करायला हवा होता.

कॉलेजची बस पहाटे साडेचारला निघाली. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात पाच-सहा कॉलेजांची मिळून तीनशेच्या आसपास पोरं जमली होती. अ‍ॅप्टिट्यूडला ६० प्रश्न, ६० मिनिटं. माझे वीसेक तरी तुक्के होते, तरी पास झालो. जीडी, म्हणजे ग्रुप डिस्कशन, झालाच नाही, वेळ नाही म्हणाले. टेक्निकल इंटरव्ह्यू चार मिनिटांचा. मला विचारलं, फॉर लूप म्हणजे काय आणि पुण्याला यायला तयार आहेस का. डिसेंबरात आमच्याकडे एक पंप बनवणारी कंपनी आली होती. तिने ८० पोरांतून दिवसभर घासून दोन घेतली, आणि मला थर्मोच्या दुसऱ्या प्रश्नालाच घरी पाठवलं होतं. ज्याला माणूस हवा असतो तो असं चाळतो. इथे तीनशेतून दीडशेवर सिलेक्ट झाले आणि आम्हाला वाटलं, आज नशीब जोरावर आहे.

संध्याकाळी पाच वाजता ज्या टेबलांवर बसवलं, तो भाग जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा खेळ तिथेच झाला. सभागृहाबाहेर पोर्चमध्ये सहा टेबलं, वर कागद चिकटवलेला 'डॉक्युमेंटेशन'. टेबलामागे आमच्याच वयाची पोरं, हातात टॅब. त्यांच्या टी-शर्टवरचा लोगो कंपनीचा नव्हता. हे मला तेव्हाच दिसलं होतं, पण त्यावरून विचारावं असं वाटलं नाही. "आधार काढा, पॅन काढा, फोन अनलॉक करून ठेवा, ओटीपी आला की मोठ्यानं सांगा." पॅनचा फोटो झाला, माझा सेल्फी झाला, डोळे मिचकवायला लावले. मग ओटीपी. एक आधारचा, एक ई-साइनचा, एक बँकेचा. मी तीनही खणखणीत आवाजात सांगितले, शाळेत हजेरी देतात तसे.

दुसऱ्या ओटीपीच्या मेसेजमध्ये 'लोन अ‍ॅग्रीमेंट' असे शब्द होते. मी विचारलं, "सर, हे कर्ज आहे का?" तो म्हणाला, "अरे, ते सिस्टीममधलं नाव आहे. ट्रेनिंगची फी कंपनी भरते, फक्त तुझ्या नावावर दाखवतात. मध्येच सोडून पळून जाऊ नये म्हणून." मी मागे बघितलं. टीपीओ सर चहा घेत उभे होते. ते म्हणाले, "उरका रे लवकर, बसवाला कटकट करतोय." सर उभे आहेत म्हणजे सगळं ठीकच असणार. माझ्यासाठी विषय संपला.

तीन ओटीपीत मी काय केलं होतं ते मला आठ महिन्यांनी नीट कळलं. एका एनबीएफसीकडून, म्हणजे बँक नसलेल्या पण कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीकडून, माझ्या नावावर ९० हजारांचं शिक्षणकर्ज, १८ हप्ते, महिना ५ हजार, आणि ते माझ्या खात्यातून आपोआप कापून घ्यायचा ई-मँडेट. व्याज शून्य दाखवलेलं. ते शून्य कसं असतं तेही सांगतो. कर्ज देणारी कंपनी ट्रेनिंगवाल्या क्लासला पूर्ण रक्कम देत नाही, आपलं व्याज आधीच कापून उरलेले एकरकमी देते. म्हणजे क्लासवाल्याला आपले पैसे आठवड्याभरात मिळून जातात. त्यानंतर त्यानं शिकवलं काय, नोकरी दिली काय, की शटर ओढलं काय, त्याचं काही अडत नाही. हप्ते आपल्याला आणि वसुली एनबीएफसीला.

जूनमध्ये कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागला. अ‍ॅडमिशनचा सीझन, सीईटीच्या कॅप राउंडला येणाऱ्या पालकांना दिसायला हवं. ४६ पोरांचे पासपोर्ट फोटो आणि प्रत्येकाखाली '४.२ लाख'. माझा दुसऱ्या ओळीत, डावीकडून तिसरा. अण्णा, माझे वडील, एसटीनं सोलापूरला चालले होते, त्यांना खिडकीतून दिसला तर पुढच्या स्टॉपला उतरून चालत मागे आले. नंतर वर्षभरानं त्यांनी तिथल्या शिपायाकडून तो फ्लेक्स मागून आणला, सध्या कडब्याच्या गंजीवर आहे. पाणी आत येत नाही, चांगला जाड आहे.

मे आणि जूनचा हप्ता कापला गेला, आणि दोन्ही वेळेस आठवड्याच्या आत ५ हजार कंपनीकडून यूपीआयनं परत आले. ही चाल मला अजूनही मानावी लागते. बाहेरचा कुणी काही म्हणाला असता तर मीच त्याच्याशी भांडलो असतो.

जुलैमध्ये वाकडला ट्रेनिंग सुरू झालं. एका फ्लॅटमध्ये सातजण, कॉट बेसिसवर. क्लासमध्ये ट्रेनर महिन्याला बदलायचा आणि निम्मा वेळ रेकॉर्ड केलेले व्हिडिओ. स्टायपेंड नाही. हप्ता परत येणंही थांबलं, "आता जॉइनिंगनंतर सगळे एकदम" म्हणून. ऑक्टोबरचं जॉइनिंग दिवाळीनंतरवर गेलं, मग "क्लायंटचा प्रोजेक्ट होल्डवर आहे". पेपरात तेव्हा आयटी मंदीच्याच बातम्या होत्या, म्हणून तेही पटलं. अण्णा मेससाठी पैसे पाठवायचे आणि पाच तारखेला त्यातूनच हप्ता जायचा. त्यांना मी डिसेंबरपर्यंत काही बोललो नाही. डिसेंबरात एका सोमवारी ऑफिसला कुलूप होतं. वॉचमन म्हणाला, "शुक्रवारी टेंपो भरून नेलं की."

मग मी ऑफर लेटर पहिल्यांदा नीट वाचलं. ते ऑफर लेटर नव्हतंच, 'लेटर ऑफ इंटेंट' होतं. त्यात 'प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केल्यास आणि कंपनीच्या गरजेनुसार' अशी ओळ होती आणि जॉइनिंगची तारीख कुठेच नव्हती. खाली लेटरहेडवर बारीक अक्षरात सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, होता. हा २१ अक्षर-आकड्यांचा नंबर कंपनीला लेटरहेडवर छापावाच लागतो, आणि त्यात राज्याच्या दोन अक्षरांनंतर येणारे चार आकडे म्हणजे कंपनी नोंदल्याचं वर्ष. वर 'बारा वर्षांचा अनुभव' छापलेलं, आणि सीआयएनमध्ये 'एमएच' नंतर २०२२. कॉर्पोरेट मंत्रालयाच्या एमसीए साइटवर कंपनीची माहिती बघितली तर भरणा भांडवल १ लाख, आणि पत्ता ट्रेनिंग क्लासचाच. नोकरी देणारा आणि फी घेणारा एकच. दोन मिनिटांचं काम होतं. चार वर्षं इंजिनीअरिंग केलेल्या दीडशे पोरांपैकी एकानंही ते आधी केलं नाही.

पोलिसांकडे आम्ही बाराजण गेलो. साहेबांनी कागद चाळले आणि म्हणाले, "सही तुझी, ओटीपी तुझा, ट्रेनिंगही केलंस. हा दिवाणी मामला आहे." आमचा तक्रार अर्ज घेतला, पोच दिली, पुढे काही झालं नाही. १९३० वर फोन केला, पण ती हेल्पलाइन ऑनलाइन काढून घेतलेले पैसे वाटेत अडवण्यासाठी आहे. आठ महिन्यांपूर्वी स्वतः सही केलेल्या कर्जाला ते काय करणार.

यानंतरची चूक सर्वस्वी माझी. बँकेत जाऊन मँडेट बंद करून टाकला आणि वाटलं, सुटलो. मँडेट बंद केल्यानं फक्त कापणं थांबतं, कर्ज तसंच राहतं. फेब्रुवारीपासून हप्ता चुकल्याचे दर महिन्याला ५९० रुपये वर चढायला लागले. सिबिल, म्हणजे कर्ज फेडण्याची पत दाखवणारा स्कोअर, साडेसातशेवरून सहाशेच्या खाली आला. वसुलीवाला रात्री साडेनऊला अण्णांना फोन करायचा. अण्णा त्याला "साहेब" म्हणत होते, ते ऐकून मला स्वतःची लाज वाटली.

उपयोग झाला तो रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा. आधी एनबीएफसीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करावा लागतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, की मग लोकपालाच्या पोर्टलवर तक्रार टाकता येते. फी लागत नाही, वकील लागत नाही. मी फसवणुकीचं रडगाणं कमी गायलं आणि नियमावर बोट ठेवलं. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही, म्हणून अण्णांच्या फोनमधल्या कॉल लॉगचे फोटो जोडले. क्लास बंद पडल्याचे, कुलपाचे फोटो जोडले. त्यानंतर एनबीएफसीकडून स्वतःहून फोन आला, आवाज एकदम गोड. उरलेले ४५ हजार आणि दंड मिळून १२ हजारांत मिटवू म्हणाले.

मी लगेच भरले. इथे पुन्हा घाई केली. सिबिलवर 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' असा शेरा पडला, आणि सेटल्डचा अर्थ बँकवाले 'पूर्ण न फेडलेलं' असा घेतात. चाकणला अप्रेंटिस लागल्यावर गाडीसाठी कर्ज काढायला गेलो, तर शोरूममधल्या पोरानं स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. तेव्हा तडजोड करायचीच असेल तर पैसे सोडण्याआधी 'क्लोज्ड' नोंद आणि नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, लेखी मागा. नाही म्हणाले तरी मागा.

गेल्या महिन्यात कॉलेजच्या एका ज्युनियरचा फोन आला, संध्याकाळी सात वाजता. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. "दादा, सिलेक्ट झालो. पुण्याची कंपनी आहे, आधी तीन महिने ट्रेनिंग." मी विचारलं, ओटीपी दिलास का? म्हणाला, "दिले की, आत्ताच." त्याला म्हटलं, आधी त्या गर्दीतून बाहेर ये आणि मेल उघड. केएफएस नावाची पीडीएफ आली होती. 'की फॅक्ट स्टेटमेंट', डिजिटल कर्जात ती द्यावीच लागते. त्यात रक्कम होती ९५ हजार, आणि खाली कूलिंग-ऑफ पीरियड, तीन दिवस. एवढ्या मुदतीत कर्ज नको म्हणून कळवलं तर दंड लागत नाही, मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन बाहेर पडता येतं. मलाही तेव्हा अशी पीडीएफ आली होती, मी ती उघडलीच नव्हती. त्याचे पैसे क्लासकडे अजून गेलेही नव्हते. बसमध्ये बसल्या बसल्या त्यानं दोन ओळींचा मेल लिहिला, मी इकडून तपासला, आणि टेंभुर्णी यायच्या आत पाठवला. चौथ्या दिवशी कर्ज रद्द झाल्याचा मेसेज आला, तो त्यानं मला फॉरवर्ड केला.

त्याच दुपारी त्याला टीपीओ सरांचाही फोन आला होता. रागावले नाहीत म्हणे. एवढंच विचारलं, फ्लेक्स छपाईला द्यायचाय, तुझा फोटो ठेवू की काढू?

त्यानं काढा म्हणून सांगितलं.