मिनी ट्रॅक्टरला जुना नांगर: एका फाळाचा पलटी की बैलांचा लोखंडी?

१५ एचपीचा मिनी ट्रॅक्टर घेतला की रोटावेटर आणि मोगडा पाठोपाठ येतातच. नांगराची आठवण होते ती उन्हाळ्यात, मोसंबीच्या ओळींमधली जमीन टणक बसते तेव्हा. पैशाची सोय असेल तर सरळ नवा मिनी नांगर घ्यावा. ज्यांना जुनाच घेऊन वर्कशॉपमध्ये बसवून घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या जालना-अंबड भागात त्याचे दोन प्रकार चालतात. एक म्हणजे मोठ्या ट्रॅक्टरचा दोन फाळी पलटी (उलटवून दोन्ही बाजूंना माती टाकता येणारा) नांगर घेऊन त्याचा अर्धा भाग कापून टाकायचा. दुसरा म्हणजे बैलजोडी विकल्यापासून गोठ्यामागे पडून असलेला लोखंडी नांगर तीन पॉइंटच्या फ्रेमला, म्हणजे ट्रॅक्टरमागे तीन पिनांवर बसणाऱ्या सांगाड्याला जोडायचा. पहिला आमच्या दाजींकडे आहे आणि मी तो आमच्या बागेत चालवलाय. दुसरा माझा स्वतःचा.

पलटीचं पोलाद जाड असतं, वेल्डिंग चांगलं धरतं आणि फाळ, नट-बोल्ट तालुक्याला सहज मिळतात. खोलीही भरपूर जाते. काम वाढतं ते पिनांपाशी. मोठ्या नांगराच्या खालच्या पिना बहुधा २८ मिमीच्या आणि वरची २५ मिमीची असते. मिनीला २२ आणि १९ लागतात. इथे जाडच पीन बारीक भोकात घालायची असल्यामुळे बुश (भोक आणि पीन यांमधली फट भरणारी नळी) टाकून भागत नाही. लेथवर नव्या पिना करून घ्याव्या लागतात, शिवाय खालच्या दोन पिनांमधलं अंतरही कमी करावं लागतं. पण हे एकदाच करायचं काम आहे, त्यावरून मी नांगराला नाव ठेवणार नाही.

मला खटकलं ते तासाच्या, म्हणजे नांगराने पडणाऱ्या सरीच्या शेवटी. अर्धा कापला तरी पलटीचा सांगाडा जड राहतो आणि ते वजन मागच्या चाकांपासून लांब लोंबतं. लिव्हर ओढून नांगर उचलला की पुढची चाकं हलकी होतात. स्टेअरिंग पूर्ण फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच सरकतो, आणि समोर ठिबकची नळी नाहीतर कडेचं झाड असतं. मग एका बाजूचा ब्रेक दाबून वळवायचं. पुढे वजन बांधून पाहिलं. चाकं टेकली, पण भुसभुशीत मातीत स्टेअरिंग इतकं जड झालं की संध्याकाळी खांदे भरून आले. मोकळ्या रानात हे चालून जाईल. २० बाय २० फुटांवर झाडं लावलेल्या बागेत मात्र प्रत्येक तास संपला की वळायचं असतं, आणि माझा निर्णय तिथेच झाला.

बैलांच्या नांगराला ही अडचण नाही. तो हलका आहे आणि हाळस (नांगराचा पुढचा लांब दांडा) आखूड करून घेतल्यामुळे ट्रॅक्टरला चिकटून बसतो. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, तिथून असे नांगर महाराष्ट्रभर गेले, त्यामुळे जुन्या घरांत अजून सापडतात. जोडताना एक पथ्य पाळा: बिडाच्या ओतकामाला वेल्डिंग करू देऊ नका, तिथेच तडकतं. दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या देऊन बोल्टने आवळा. उजवं चाक तासात चालणार, म्हणून नांगर मधोमध न लावता थोडा उजवीकडे घ्या, नाहीतर ट्रॅक्टर सारखा एका बाजूला ओढतो. आणि गिअर सगळ्यात खालचा ठेवा. हा नांगर बैलांच्या चालीसाठी केलेला आहे. पळवला तर माती लांब फेकतो आणि वाकतोही.

तो माती एकाच बाजूला टाकतो, ही तक्रार मी बरीच ऐकतो. बागेत तिचा त्रास होत नाही. ओळींच्या मधून सुरुवात करून उजवीकडे वळत बाहेर यायचं. झाडं कायम डाव्या हाताला राहतात आणि माती मधे पडते. पुढच्या वर्षी कडेकडून आत यायचं, म्हणजे मधे उंचवटा राहत नाही.

खोली साधारण सहा इंच मिळते. माझ्या मते मोसंबीला ती पुरे, कारण अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात आणि खोल नांगराने तीच तुटतात. तुमच्याकडे हराळी-कुंद्याने धरलेलं भारी काळं रान असेल, झाडं नसतील आणि बांधाला वळायला ऐसपैस जागा असेल, तर दाजींसारखा पलटीच घ्या, माझं काही म्हणणं नाही. बागवाल्यांनी मात्र आधी गोठ्यामागे पाहावं. हाळस वाकलेली नाही ना, हे दोरी ताणून बघा. पंखावर (माती पलटणाऱ्या वाकड्या पत्र्यावर) गंजाचे खड्डे पडले असतील तर तो नांगर सोडून द्या. वाफसा जरा ओला असला की काळी माती त्या खड्ड्यांत धरून बसते आणि खाली उतरून खरवडावी लागते.