यू६ प्लस, यू६ प्रो की यू६ लाँग रेंज: ऑफिससाठी कोणता घ्यावा?

नाशिकमध्ये छोट्या ऑफिसांची आणि क्लासेसची नेटवर्क बसवणं हे माझं रोजचं काम. कोटेशन मागताना बहुतेक जण एकच विचारतात, "साहेब, यातला सगळ्यात जास्त स्पीडचा कोणता?" खोक्यावरचा आकडा बघून निवडायला गेलं की इथेच गल्लत होते. युबिक्विटीच्या युनिफायमधले वायफाय ६ चे हे तीन ॲक्सेस पॉइंट, म्हणजे छताला किंवा भिंतीला लावायची वायफाय देणारी यंत्रं, माझ्या हातून सारखे जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्लस आणि लाँग रेंज, दोघांच्याही माहितीपत्रकात ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या वेगवान पट्ट्यासमोर २.४ गिगाबिट वेग लिहिलेला असतो. प्लसमध्ये ५ गिगाहर्ट्झला दोनच स्ट्रीम, म्हणजे एकाच वेळी डेटा नेणारे दोनच प्रवाह आहेत. तो १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल (हवेतली डेटाची लेनच म्हणा) घेऊन हा आकडा गाठतो. लाँग रेंजमध्ये स्ट्रीम चार, पण चॅनल ८० चा. आता ज्या इमारतीत एकेका मजल्यावर तीन-तीन ऑफिसं आहेत, तिथे १६० चा चॅनल लावून उपयोग नाही. एवढे रुंद चॅनल त्या पट्ट्यात मोजून दोन-तीन बसतात. शेजारच्याचा आणि आपला चॅनल एकमेकांवर आला की दोघांनाही आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. मी ऑफिसात ४० वरच ठेवतो, आजूबाजूला मोकळं असेल तर ८०. ८० वर आणलं की प्लसचा कमाल वेग १.२ गिगाबिट होतो आणि ४० वर ५७४ मेगाबिट. प्रत्यक्षात हातात येतो तो याहून बराच कमी, पण टॅली, मेल आणि व्हिडिओ मीटिंगला तेवढा पुरून उरतो. दहा-पंधरा माणसांच्या सीए ऑफिसात मी निर्धास्तपणे प्लस लावतो.

प्रोचा आकडा ४.८ गिगाबिट. मागचा पोर्ट मात्र १ गिगाबिटचाच, म्हणजे त्यातलं तारेत उतरणार किती ते दिसतंच आहे. तरीही प्रो मला मनापासून आवडतो, तो गर्दीसाठी. बहुतेक फोन आणि लॅपटॉप दोन स्ट्रीमचे असतात. प्रोच्या ५ गिगाहर्ट्झ रेडिओत चार स्ट्रीम असल्यामुळे तो अशा दोघांना एकाच वेळी डेटा देऊ शकतो, आणि चार अँटेनांनी ऐकत असल्यामुळे कोपऱ्यातल्या फोनचा क्षीण सिग्नलही नीट पकडतो. क्लासमध्ये ऑनलाइन टेस्ट सुरू होते तेव्हा अख्खी बॅच एकाच मिनिटाला लॉगिन करते. त्या मिनिटाला प्लस आणि प्रोमधला फरक शिकवणाऱ्या सरांनाही कळतो.

लाँग रेंजबद्दल मात्र मी गिऱ्हाइकाला आधीच सावध करतो. नाव ऐकून वाटतं, एकच लावला की तिन्ही खोल्या झाल्या. ॲक्सेस पॉइंटचा आवाज मोठा आहे हे खरं, पण फोनला उलट उत्तर द्यायचं असतं आणि त्याची ताकद तेवढीच राहते. दोन विटांच्या भिंतींपलीकडच्या केबिनमध्ये फोनवर दांड्या भरलेल्या दिसतात आणि व्हॉट्सॲप कॉलवर समोरचा म्हणतो, "तुमचा आवाज तुटतोय." शिवाय त्याचा २.४ गिगाहर्ट्झ या दुसऱ्या पट्ट्याचा रेडिओ अजून वायफाय ४ चाच आहे. प्लस आणि प्रोमध्ये तिथेही वायफाय ६ आहे. गोडाऊन किंवा मोकळा हॉल असेल तर जरूर घ्या, तिथे तो छान चालतो. केबिनकेबिनच्या ऑफिसात त्याऐवजी दोन प्लस लावा, पॉवर मध्यम ठेवा.

विजेचंही आधी बघा. प्लस आणि प्रो साध्या पीओईवर, म्हणजे नेटवर्कच्या तारेतूनच मिळणाऱ्या ८०२.३एएफ प्रकारच्या विजेवर चालतात. लाँग रेंजला पीओई प्लस, म्हणजे जास्त वीज देणारं ८०२.३एटी लागतं. स्विच जुना असेल तर नवा स्विच किंवा इंजेक्टर (तारेत वीज सोडणारा छोटा डबा) आला, आणि इंजेक्टर या तिघांच्याही खोक्यात येत नाही.

टीपी-लिंकचा ओमाडा ईएपी६५० हा कागदावर प्लसचा जुळा भाऊ: तेच दोन स्ट्रीम, तेच १६०, आकडेही तेच. त्याला ८०२.३एटी लागतं, पण कंट्रोलर, म्हणजे सगळे ॲक्सेस पॉइंट एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर किंवा यंत्र, नसला तरी ब्राउझरमधून त्याचं बहुतेक सगळं सेटिंग करता येतं. युनिफायमध्ये नुसत्या मोबाइल ॲपवर जुजबी सेटिंग होतं. गेस्ट नेटवर्क, व्हीलॅन (एकाच तारेवर वेगवेगळी नेटवर्कं) नीट करायचे तर कंट्रोलर हवाच. एक-दोनच ॲक्सेस पॉइंट लागणाऱ्या दुकानाला किंवा दवाखान्याला मी म्हणूनच ईएपी६५० सुचवतो. तीनच्या वर गेलात तर युनिफाय घ्या. कोणत्या ॲक्सेस पॉइंटवर किती जण आहेत, कुणाचा सिग्नल पडलाय, हे त्याच्या कंट्रोलरमध्ये एका नजरेत दिसतं आणि मला निम्म्या तक्रारी घरी बसून सोडवता येतात.