रॉ डाएटवर बोक्याचं वजन : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आमचा गोट्या, देशी बोका, पाच वर्षांचा, नसबंदी झालेली. ऑगस्ट २०२४ मध्ये वजन भरलं ७.१ किलो आणि डॉक्टर म्हणाले साडेपाचच्या आसपास हवं. बरगड्या हाताला लागायच्याच नाहीत, आणि शेपटीच्या मुळाशी केसांच्या गाठी झालेल्या, कोंडा पडलेला, कारण तिथपर्यंत त्याची जीभच पोचत नव्हती. ते बघून फार वाईट वाटायचं. तेव्हा जो तो सांगत होता की रॉ म्हणजे कच्चं मांस सुरू कर, मांजर आपोआप बारीक होतं. तसं काही होत नाही, हे आधीच सांगून टाकते कारण माझे पहिले जवळजवळ तीन महिने त्यातच गेले.

सुरुवातीला दिवसभर भरलेली असायची ती किबलची (मांजरांच्या कोरड्या दाणेदार खाण्याची) वाटी उचलली, सकाळ-संध्याकाळ वेळ ठरवली आणि किबलमध्ये चमचा चमचा कच्चं चिकन मिसळायला लागले. चौथ्या दिवशी त्याने कशालाच तोंड लावलं नाही, सकाळीही नाही आणि रात्रीही नाही. घरात सगळे म्हणत होते भूक लागली की खाईल, पण मी रात्री साडेअकराला त्याला नुसतं जुनं खाणं काढून दिलं आणि ते त्याने खाल्लं तेव्हाच झोपले. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगावरची चरबी लिव्हरमध्ये जमायला लागते, त्यात जीवही जातो. त्यामुळे कृपया उपाशी ठेवून सवय लावू नका. आम्हाला पूर्ण रॉवर यायला तीन आठवडे लागले.

आणि मग ऑक्टोबरच्या शेवटी वजन केलं तर ७.२! मला रडूच आलं. डॉक्टरांनी विचारलं किती देता, मी म्हणलं मागेल तेवढं, मांसच तर आहे. कातडी काढता का? नाही, कारण कातडी त्याला सगळ्यात जास्त आवडायची. तर हिशोब असा निघाला की बिनकातडीच्या लेग पीसच्या १०० ग्रॅम मांसात साधारण १२० कॅलरी असतात आणि १०० ग्रॅम कातडीत साडेतीनशेच्या आसपास, आणि गोट्याला दिवसाला हव्या होत्या फक्त २००. म्हणजे रोजची ३० ग्रॅम कातडी त्याच्या निम्म्या दिवसाचं जेवण खात होती.

तिथून खरं काम सुरू झालं. दिवसाला १६० ग्रॅम, किचनच्या काट्यावर मोजून, तीन वेळांत. चिकनवाल्याकडून लेग बोनलेस, कातडी काढून, एका किलोमागे ५० ग्रॅम कलेजी, त्याहून जास्त नाही कारण कलेजीत व्हिटॅमिन ए खूप असतं, थोडे दिल-पेटा, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं टॉरीन (मांजरांना खाण्यातून मिळावंच लागतं असं पोषकद्रव्य), कॅल्शियम वगैरे. नुसतं बोनलेस कधीच देऊ नका, त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाहीच, महिनोन् महिने तसं खाल्लं तर हाडं कमजोर होतात. आईला मात्र दुधाची साय बंद करायला सांगणं सगळ्यात अवघड गेलं, ती म्हणायची अगं बिचारा माझ्याकडे बघतोय. शेवटी आईच्या हातूनच द्यायचे म्हणून त्याच १६० मधले १० ग्रॅम मी वेगळ्या वाटीत काढून ठेवायला लागले, दोघंही खूश.

वजन दर रविवारी सकाळी, खाण्याआधी, बाळांच्या वजनकाट्यावर. आपण उचलून मोठ्या काट्यावर उभं राहून वजा करायचं तर ५० ग्रॅमचा फरक कळतच नाही, आणि आठवड्याला तेवढाच उतरायचा. डॉक्टर म्हणाले इतकंच बरं, घाई नको.

जानेवारी २०२५ मध्ये तो ६.६५ वर आला आणि तेवढ्यात उरणला बर्ड फ्लू निघाला, आम्ही पनवेलला, म्हणजे अगदी शेजारीच. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेल्याची बातमी आली आणि माझे हातपायच गळाले. फ्रीझरमध्ये ठेवून तो व्हायरस मरत नाही, साल्मोनेलाचे जंतूही मरत नाहीत. त्या दिवसापासून रॉ बंद. तेच चिकन, तेच १६० ग्रॅम, कच्चं असतानाच वजन करून पूर्ण शिजवते, शिजवलेलं पाणी त्यातच घालते कारण टॉरीन पाण्यात उतरतं, सप्लिमेंट गार झाल्यावर. हाड अजिबात नाही, शिजलेलं हाड फुटून आतड्याला टोचू शकतं.

मला भीती होती वजन परत वाढेल. नाही वाढलं, त्याच वेगाने उतरत राहिलं, एप्रिलच्या शेवटी ५.९५. त्यामुळे माझ्यापुरतं मला कळलंय की गोट्याचं वजन कच्च्यामुळे उतरलं नाही, मोजून दिल्यामुळे आणि कातडी, साय, वाटी बंद झाल्यामुळे उतरलं. मी परत रॉकडे जाणार नाहीये.

अजून साधारण ४५० ग्रॅम बाकी आहेत. पण परवा दुपारी तो खिडकीच्या कट्ट्यावर बसला होता, एक पाय वर केलेला, आणि वळून शेपटीच्या मुळाशी चाटत होता, बराच वेळ, अगदी निवांत. मी आईला हाक मारून दाखवलं.