पुन्हा पिकअप घेताना दोन्ही गाड्यांत फसलो

आमची शेती जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या टोमॅटो बाजारापासून चौदा किलोमीटरवर. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता, तेव्हा माझा माल चालू होता. त्या पैशात मी दहा वर्षं वापरलेली बोलेरो पिकअप साडेतीन लाखांना विकली आणि लहान एसयूव्ही घेतली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला पिकअपच्या केबिनमध्ये चढता येत नव्हतं. त्या गाडीत आई पहिल्यांदा मागच्या सीटवर निवांत बसली, त्यामुळे तो निर्णय चुकला असं मी आजही म्हणणार नाही.

पण दोन हंगामांत कळलं की शेतकऱ्याला माल भरायला गाडीला मागे हौदा लागतो. तोडा झाला की टेम्पोवाल्याला फोन करायचा, तो दोन ठिकाणचा माल भरून रात्री नऊला येणार, तोवर बाजारातली चांगली गिऱ्हाइकं निघून गेलेली. खताची दहा पोती आणायची तरी भाडं. शेवटी २०२५ च्या एप्रिलमध्ये ठरवलं, एसयूव्ही द्यायची आणि जुनी पिकअप घ्यायची. नव्या पिकअपचं बजेट नव्हतं. शिवाय आमचा मेस्त्री म्हणाला, २०२० पासूनच्या प्रदूषण नियमांच्या, म्हणजे बीएस-६ गाड्यांचं सेन्सरचं दुखणं नको, त्याच्या आधीची बघ.

पुणे-नाशिक रस्त्यावर जुन्या गाड्यांचं एक आवार आहे. तिथे २०१९ ची पिकअप मिळाली. मेस्त्रीला घेऊन दोनदा गेलो. त्याने ऑइलचं झाकण काढून इंजिन तिथून धूर फेकतंय का, म्हणजे बॅक मारतंय का पाहिलं, खाली झोपून चेसी पाहिली, पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या मोजल्या. मागचे दोन पाटे जास्तीचे घातलेले होते, म्हणजे गाडी ओव्हरलोड चालली होती. हौद्याला दोन ठिकाणी वेल्डिंग. मीटर ८६,००० दाखवत होतं. मेस्त्री म्हणाला, "मीटरवर जाऊ नको, पण इंजिन चांगलं आहे."

डीलर माझ्याहून लहान, बोलायला गोड. पिकअपचे ५,७०,०००. माझ्या एसयूव्हीचे त्याने ७,२०,००० धरले. म्हणजे पिकअप मिळून वर दीड लाख मलाच. बाहेर एसयूव्हीला कोणी पावणेसातच्या पुढे जात नव्हतं. इथेच मी थांबायला हवं होतं. जो माणूस बाजारापेक्षा जास्त भाव देतो, त्याला ते पैसे द्यायचेच नसतात, हे टोमॅटोच्या व्यापाऱ्यांबाबत मला पक्कं माहीत होतं. गाडीच्या बाबतीत ते डोक्यात आलं नाही.

पिकअपचा नंबर मी एम-परिवहन ॲपवर टाकून पाहिला होता. फिटनेस चालू, विमा चालू. पण फायनान्स कंपनीचं नाव दिसत होतं, म्हणजे गाडीवर कर्जाचा बोजा होता. मी विचारलं. त्याने लगेच कपाटातून एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं ना-हरकत पत्र, काढून दाखवली. कंपनीचा छापील कागद, शिक्का, सही. म्हणाला, "दादा, कर्ज फिटलंय, एचपी म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद उतरवायला टाकलीय. आरटीओला पंधरा दिवस लागतात, मग तुमच्या नावावर." मी त्या कागदाचा फोटो काढला आणि समाधान मानलं.

बोजा उतरवायला नुसती एनओसी पुरत नाही. फॉर्म ३५ लागतो आणि त्यावर कर्ज देणाऱ्याची आणि गाडीमालकाची, दोघांची सही लागते. तो फॉर्म त्याच्याकडे नव्हता. फायनान्स कंपनीच्या शाखेत कर्जखात्याचा नंबर सांगून चौकशी केली असती तर दहा मिनिटांत खरं कळलं असतं. शाखा चाकणला होती, आम्ही तिच्यावरूनच गेलो होतो.

दुसरी चूक एसयूव्हीची. त्याने गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० च्या प्रती पुढे केल्या आणि खुणा केलेल्या जागी सह्या करायला सांगितलं. घेणाऱ्याचं नाव, तारीख, सगळं कोरं. म्हणाला, गिऱ्हाईक मिळालं की भरतो. मी सह्या केल्या. मूळ आरसी आणि दोन्ही चाव्या दिल्या. ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी केली. त्याने पन्नास हजार ऑनलाइन टाकले आणि एक लाखाचा चेक दिला, जूनच्या तारखेचा.

पिकअपवर मी आणखी ३८,००० घातले. दोन टायर, हौद्याची डागडुजी, पाटे, ब्रेक. गाडी पळाली छान. मेअखेर टोमॅटो सुरू झाले आणि सहा वाजता माझा माल बाजारात, हे सुख मला दोन वर्षांनी मिळालं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाजाराच्या अलीकडे दोन मोटारसायकली आडव्या आल्या. हौद्यात ७८ क्रेट. ती वसुलीची माणसं होती, त्यांच्याकडे फायनान्स कंपनीचं गाडी ताब्यात घ्यायचं पत्र होतं आणि मोबाइलमध्ये गाडीचा नंबर. पाच हप्ते थकलेले. मी एनओसीचा फोटो दाखवला. त्यातल्या एकाने तो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "ही सही आमच्या कुणाची नाही." आवाज चढवला नाही, धक्काबुक्कीही नाही. क्रेट उतरवून घ्यायला त्यांनी वेळ दिला. रस्त्याकडेला माझा माल उन्हात रचला होता आणि गाडी माझ्यासमोर निघून गेली. बायको क्रेटच्या थप्पीवर ओलं पोतं टाकत होती. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

त्याच आठवड्यात माझ्या मोबाइलवर एसयूव्हीच्या वेगमर्यादेचं ई-चलन आलं. गाडी कराडजवळ होती. डीलरने दुसऱ्याला विकली होती आणि सरकारदरबारी ती अजून माझीच. त्या गाडीने कुणाला उडवलं असतं तर? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच प्रकरणात निकाल दिला आहे की नोंदणीत ज्याचं नाव, तो मालक, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. गाडी चार हात फिरली तरी. हे वाचलं त्या रात्री मी झोपलो नाही.

पिकअपचा मूळ मालक मी शोधून काढला. संगमनेरजवळचा, भाजीपाल्याचाच माणूस. भांडायच्या तयारीने गेलो होतो. त्याच्या अंगणात बसल्यावर त्याने माझ्यापुढे तसाच ५०० चा स्टॅम्प ठेवला. डीलरने त्याच्याकडून गाडी घेताना सांगितलं होतं, राहिलेले हप्ते मी भरतो. दोन भरले आणि बंद केले. आता वसुलीचे फोन याला, सिबिल याचं खराब, मुलीच्या शिक्षणाचं कर्ज अडलेलं. माझी एसयूव्ही घेऊन डीलरने जे माझं केलं, तेच पिकअप घेऊन त्याचं केलं होतं. त्याच्या बायकोने चहा आणला आणि विचारलं, "गाडी चांगली होती ना हो?" ती त्यांच्या हातची पहिली गाडी होती. त्याच्याच फाइलमध्ये २०२३ चं सर्व्हिसिंगचं बिल सापडलं, त्यावर किलोमीटर १,६४,०००. मीटर मागे फिरवलेलं होतं.

मग आम्ही दोघांनी एसयूव्ही घेणारा गाठला. तोही सरळ माणूस, पूर्ण पैसे मोजलेला. तो आणि मी मिळून रीतसर अर्ज केला आणि गाडी त्याच्या नावावर केली. चलन मी भरलं. त्या दिवशी मला खरंच हलकं वाटलं.

पोलीस ठाण्यात आधी एकटा गेलो तेव्हा ऐकलं होतं, हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणीत जा. वकिलांनी सांगितलं, एका माणसाचे पैसे बुडाले तर तो वाद दिसतो, पण एकाच माणसाने तिघांना एकाच पद्धतीने फसवलं तर त्याचा हेतू पहिल्यापासून खोटा होता हे दिसतं. तिघांचे अर्ज, बनावट एनओसी आणि फायनान्स कंपनीचं ती आमची नाही असं लेखी उत्तर, एवढं एकत्र दिल्यावर गुन्हा नोंद झाला. पूर्वीचं चारशेवीस, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, आणि बनावट कागदाचं कलम वेगळं. तपास चालू आहे.

डीलरने दिलेला लाखाचा चेक न वटता परत गेला होता. बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत वकिलाची नोटीस पाठवावी लागते, मग पैसे भरायला पंधरा दिवस. आम्ही मुदत चुकवली नाही आणि तो लाख त्याने दोन हप्त्यांत दिला. माझं एकूण नुकसान ६,०८,०००. पिकअप सोडवायची तर कर्जाचे साडेतीन लाख भरावे लागले असते, तेवढे नव्हते.

आणखी एक गोष्ट मला वकिलाकडून कळली. ती गाडी विकणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. तुम्ही गाडी त्याच्या ताब्यात दिली की तशी ऑनलाइन सूचना द्यायची, फॉर्म २९-सी, आणि तिथून पुढची जबाबदारी त्या डीलरची धरली जाते. मी ते अधिकारपत्र मागितलं असतं तर त्याच्याकडे दाखवायला काही नव्हतं.

दिवाळीनंतर भावाकडून उसने घेऊन दुसरी पिकअप पाहिली, ओतूरच्या एका शिक्षकाच्या भावाची. तिच्यावरही बोजा होता, १,१०,०००. या वेळी आम्ही दोघं शाखेत गेलो. तेवढी रक्कम मी थेट त्याच्या कर्जखात्यात भरली, पावती घेतली, एनओसी आणि फॉर्म ३५ साहेबाच्या टेबलावरून हातात घेतले. उरलेले पैसे माझ्याकडे आणि गाडी त्याच्याच दारात, ॲपवरून फायनान्सचं नाव जाईपर्यंत. बावीस दिवस लागले. तो रोज विचारायचा, मी रोज नंबर टाकून पाहायचो.