नेव्हिसवर्क्स मॅनेज : बीम भरायच्या आधी भांडण मिटवणारं सॉफ्टवेअर

लातूरला बार्शी रोडवर एक साठ खाटांचं हॉस्पिटल उभं राहतंय, तळमजला आणि वर तीन मजले. त्या साइटवर मी सर्व्हिसेसचं को-ऑर्डिनेशन बघतो. एसीचे डक्ट, पाणी, ड्रेनेज, वायरिंग, फायर आणि मेडिकल गॅसच्या लाइनी एकमेकींच्या किंवा बीम-कॉलमच्या आड येऊ नयेत, ही जबाबदारी माझी. त्यासाठी आम्ही ऑटोडेस्कचं नेव्हिसवर्क्स मॅनेज घेतलं. चौदा महिने रोज वापरलं, आता लिहितोय. पाचपैकी चार. कापलेल्या एका गुणाचं कारण पुढे येईलच.

आधी हे सांगतो की मला याची गरज का वाटली. मागच्या एका कामावर टॉयलेटची ड्रेन लाइन बीममधून न्यायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आर्किटेक्टचा नकाशा बरोबर, स्ट्रक्चरचा बरोबर, प्लंबिंगचाही बरोबर, फक्त तिन्ही एकमेकांवर ठेवून कुणी पाहिले नव्हते. स्लॅब पडल्यावर कोअर कटर, म्हणजे काँक्रीटला गोल भोक पाडणारं यंत्र, आला आणि कॉलमपासून हातभर अंतरावर बीमला भोक पडलं. मी पोहोचलो तेव्हा काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा खाली पडला होता आणि त्यात सोळा एमएमच्या दोन सळ्या चकचकीत कापलेल्या दिसत होत्या. नंतर बीम मजबूत करून घेतला, खर्चही झाला. तो तुकडा मी उचलून आणला, आजही माझ्या टेबलावर आहे.

माझं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीहून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला मी सहा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आमच्या भागातली दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीची माळवदं असलेली घरं झोपलेल्या माणसांवर बसली. हजारो माणसं गेली. त्यामुळे कॉलमजवळच्या बीमला कुणी ड्रिल लावलं की माझ्या पोटात कालवतं. भूकंपात सगळ्यात जास्त ताण कॉलम आणि बीमच्या सांध्याजवळ येतो. म्हणूनच आपल्या भूकंपरोधक डिटेलिंगच्या कोडमध्ये, आयएस १३९२० मध्ये, बीमच्या टोकांना रिंगा (उभ्या-आडव्या सळ्यांना बांधणारी लोखंडी कडी) जवळजवळ घ्यायला सांगितलंय.

आता सॉफ्टवेअर. हे मूळ इंग्लंडातल्या शेफिल्डच्या कंपनीचं, २००७ मध्ये ऑटोडेस्कनं घेतलं. यात काही डिझाइन करता येत नाही. रेव्हिट, ऑटोकॅड वगैरे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली मॉडेलं इथं एकत्र आणायची आणि ‘क्लॅश डिटेक्टिव्ह’ला विचारायचं, कोण कुणाला धडकतंय? ही सोय मॅनेजमध्येच आहे, सिम्युलेट नावाच्या दुसऱ्या आवृत्तीत नाही. घेताना नीट बघून घ्या.

पहिल्याच दिवशी एक अडचण आली. सगळी मॉडेलं जोडली तर इमारत एकीकडे आणि डक्टचं सगळं जाळं चाळीस मीटर लांब हवेत. प्रत्येकानं आपापला शून्य बिंदू धरला होता. ए-१ ग्रिडवर, म्हणजे नकाशातल्या ए आणि १ या रेषा छेदतात तिथं, सगळ्यांचा एकच बिंदू ठरवून सगळ्यांकडून मॉडेल परत मागवलं, त्यात आठ दिवस गेले. तुम्ही सुरू करणार असाल तर हे काम पहिल्या बैठकीत उरका.

मग टेस्ट चालवली तर हजाराच्या वर क्लॅश. आर्किटेक्ट मॅडम म्हणाल्या, “आपण सगळ्यांनी इतकं वाईट काम केलंय का?” तसं नव्हतं. भिंतीतून पाइप गेला की एक क्लॅश, विटकामाला कंड्युट (वायरिंगची नळी) टेकला की एक क्लॅश. स्ट्रक्चर विरुद्ध डक्ट, स्ट्रक्चर विरुद्ध ड्रेनेज, डक्ट विरुद्ध केबल ट्रे अशा वेगळ्या टेस्ट लावल्या, टॉलरन्स, म्हणजे किती घुसलं तर दुर्लक्ष करायचं ते माप, वाढवला, एकाच कारणाचे क्लॅश एका गटात बांधले. तेव्हा खरे प्रश्न चाळीसेक उरले. ही चाळणी माणसालाच लावावी लागते आणि पहिल्यांदा ती लावताना डोकं पिकतं. एक गुण कापलाय तो इथं. शिकवणाऱ्या व्हिडिओंमध्ये सगळं दोन क्लिकांत झालेलं दिसतं, प्रत्यक्षात ही चाळणी कशी लावायची हे कुणी नीट सांगत नाही.

पण त्या चाळीसांतला एक सांगतो, म्हणजे पैसे कुठं वसूल झाले ते कळेल. दुसऱ्या मजल्यावर ऑपरेशन थिएटर, म्हणजे ओटीसमोरचा कॉरिडॉर. मजल्याची उंची ३.६ मीटर, बीम ६०० मिमी, म्हणजे बीमखाली तीन मीटर. मॅडमनी फॉल्स सीलिंग २.७ वर धरलेलं, मधे उरले ३०० मिमी. आणि डक्ट होता ६०० बाय ३००, दोन्ही बाजूंना २५-२५ मिमी इन्सुलेशन धरून ३५० उंच. कागदावर प्लॅनमध्ये हे दिसतच नाही, कारण प्लॅनमध्ये उंची नसते. नेव्हिसवर्क्सच्या पडद्यावर तो डक्ट लाल होऊन बीमच्या पोटात घुसलेला दिसला आणि बैठकीत अर्धा मिनिट कुणी बोललं नाही.

एसीवाल्या इंजिनिअरनं डक्ट ८०० बाय २२५ केला, आडवा छेद तेवढाच. इन्सुलेशनसकट २७५. मॅडमनी सीलिंग साडेसात सेंटिमीटर खाली घेतलं, म्हणजे फ्रेमला जागा मिळाली. वीस मिनिटांत निकाल लागला. हाच प्रश्न डक्ट चढवताना निघाला असता तर पत्रा कापून तयार असता आणि तीन कंत्राटदार एकमेकांकडे बोट दाखवत उभे राहिले असते.

आमच्या बैठका दर मंगळवारी साइट ऑफिसात होतात. सुरुवातीला फक्त इंजिनिअर बसायचे. मग मी सेंटरिंगचे मिस्त्री आणि प्लंबर यांनाही बोलवायला लागलो. मिस्त्रींना साइटवर सगळे मामा म्हणतात. पहिल्या दिवशी ते दारातच उभे राहिले, “मला काय दाखवायलाव साहेब, मला काँप्युटर येत न्हाई.” मी त्यांना वॉक मोडमध्ये नेलं. पडद्यावर हेल्मेट घातलेला माणूस जिन्यानं वर जातो, कॉरिडॉरमधून चालतो. मामा पुढे सरकले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, “थांबवा. ह्या बीमाखाली टेका कुठं लावू मी?” त्या दिवसापासून त्यांची खुर्ची ठरलेली आहे.

आणि प्लंबर भाऊंनी जे पकडलं ते सॉफ्टवेअरनं पकडलं नव्हतं. तिसऱ्या मजल्याच्या वॉर्डातल्या टॉयलेटची ड्रेन लाइन ओटीच्या डोक्यावरून नेता येत नाही, म्हणून ती कॉरिडॉरवरून शाफ्टपर्यंत (पाइप खाली उतरवायच्या उभ्या पोकळीपर्यंत) न्यायची होती. बारा मीटर, वाटेत तीन बीम. बीमखाली डक्टमुळे जागा नाही, म्हणून बीममधून १६० मिमीची स्लीव्ह, म्हणजे काँक्रीट ओतायच्या आधीच पाइपसाठी बसवलेली नळी, सोडायची ठरली. स्ट्रक्चरच्या सरांनी जागा नेमून दिली होती. बीमच्या लांबीच्या मधल्या तिसऱ्या भागातच, कॉलमच्या जवळ अजिबात नाही, आणि भोकाच्या दोन्ही बाजूंना जादा रिंगा. टेस्टमध्ये क्लॅश शून्य. मी समाधानानं फाइल मिटवायला गेलो तर भाऊ म्हणाले, “सर, ह्याला उतार कुठंय?”

ड्राफ्टिंग करणाऱ्या मुलीनं पाइप सपाट काढला होता. तिन्ही स्लीव्ह एका पातळीत, त्यामुळे क्लॅश कसला येतोय? पण ११० मिमीच्या ड्रेनला साठास एक असा उतार दिला तर बारा मीटरला वीस सेंटिमीटर पाइप खाली येतो. चार-चार मीटरवर बीम, म्हणजे दर बीमला सहा-सात सेंटिमीटरचा फरक. १६० च्या स्लीव्हमध्ये ११० चा पाइप घातला की वर-खाली अडीच-अडीच सेंटिमीटरच मोकळी जागा. पाइप गेलाच नसता. परत कोअर कटर, परत तेच. सरांनी पुन्हा हिशोब करून मधल्या बीमला बरोबर मध्यावर, आधीच्या बीमला सहा-सात सेंटिमीटर वर आणि पुढच्याला तितकंच खाली स्लीव्ह दिली.

म्हणून घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. जे काढलंय तेच हे सॉफ्टवेअर तपासतं. काय काढायचं राहिलंय हे ज्याचे हात त्या कामात आहेत त्यालाच दिसतं, त्याला पडद्यासमोर बसवा. त्यासाठी जादा लायसन्स लागत नाही. एक मॅनेज ऑफिसात ठेवा, बाकीच्यांना नेव्हिसवर्क्स फ्रीडम द्या. ते फुकट आहे आणि सगळं मॉडेल आत साठवलेली एनडब्ल्यूडी फाइल त्यात उघडते, फिरवून पाहता येते. आमच्या प्लंबर भाऊंच्या मुलाच्या लॅपटॉपवर ते आहे, आठवड्याची फाइल मी त्यांना पेन ड्राइव्हवर देतो. एनडब्ल्यूएफ देऊ नका, तिच्यात मूळ मॉडेलांचे नुसते दुवे असतात, दुसऱ्याच्या मशीनवर काही दिसणार नाही.

आणखी एक आवडलं. मॉडेल सुधारून टेस्ट परत चालवली की सुटलेले क्लॅश आपोआप ‘रिझॉल्व्ह्ड’मध्ये जातात, त्यामुळे मागच्या मंगळवारी कोण काय कबूल झालं होतं ते लपत नाही. टाइमलाइनरला वेळापत्रक जोडून बांधकाम टप्प्याटप्प्यानं बघता येतं, पण आमच्याकडे ते फारसं वापरलं गेलं नाही.

घर बांधायला हे नको, तिथं एका टेबलावर तीन नकाशे ठेवले तरी पुरे. हॉस्पिटल, हॉटेल, कॉलेजची लॅब असल्या सर्व्हिसेस दाट असलेल्या कामाला मात्र जरूर घ्या, आणि पाया भरायच्या आधी घ्या.

परवा तिसऱ्या मजल्याचा स्लॅब पडला. पहाटे पाचला मी आणि मामा सेंटरिंगवर चढलो, प्रिंट हातात घेऊन स्लीव्ह मोजल्या. तेवीस. कॉलमजवळ एकही नाही. काँक्रीट आत जाऊ नये म्हणून मामांनी प्रत्येक स्लीव्हच्या तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबला, शेवटचा बोळा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “हा तुमी लावा साहेब.” सहा वाजता पंप सुरू झाला.