‘स्वामी’ आधी वाचावी की ‘रमा माधव’ आधी पाहावा?

थोरले माधवराव पेशवे आणि रमाबाई यांच्या कथेकडे प्रथमच वळणाऱ्या मराठी माणसापुढे आज प्रामुख्याने तीन वाटा आहेत: रणजित देसाई यांची १९६२ साली प्रसिद्ध झालेली ‘स्वामी’ ही कादंबरी, तिच्यावरून गजानन जागीरदार यांनी दूरदर्शनसाठी दिग्दर्शित केलेली त्याच नावाची मालिका आणि मृणाल कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेला २०१४ सालचा ‘रमा माधव’ हा चित्रपट. या तिन्हींवर माझे मनापासून प्रेम आहे. तरीही ‘आधी काय?’ असे कोणी विचारले, की तुम्हाला माधवरावांना जाणून घ्यायचे आहे की रमेला, हे मी आधी विचारून घेतो, कारण कथा तीच असली तरी कादंबरी ती पेशव्यांच्या सदरेवरून सांगते आणि चित्रपट वाड्याच्या माजघरातून.

कादंबरीची मोठी जमेची बाजू म्हणजे तिने माधवरावांच्या मनात दिलेला प्रवेश. जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झाले, त्याच वर्षी नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या अंगावर पेशवाईची वस्त्रे आली. पुढील अकरा वर्षांत निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले यांच्याशी त्यांना झुंजावे लागले. पण कादंबरीचा खरा जीव आहे तो चुलत्या-पुतण्याच्या नात्यात. १७६२ मध्ये आळेगावला, मराठ्यांची फौज आपसांत लढून संपू नये म्हणून माधवराव राघोबादादांच्या स्वाधीन होतात. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनला दोघे मिळून निजामाचा पराभव करतात. आणि १७६८ मध्ये धोडपला त्याच काकांना हरवून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवण्याची वेळ पुतण्यावर येते. काकांविषयीचा राग आणि वडीलकीचा आदर एकाच माणसाच्या मनात शेवटपर्यंत कसे नांदतात, हे देसाई यांनी ज्या धीराने उलगडले आहे, तो धीर दोन-अडीच तासांच्या चित्रपटाला परवडणारा नाही.

देसाई यांचे सामर्थ्य संवादांत आहे आणि म्हणूनच एरवी जाड पुस्तकाला बिचकणारा वाचकही ‘स्वामी’ संपवतो. मात्र ज्याला लढायांची तपशीलवार वर्णने हवी आहेत, त्याने या पुस्तकाकडून फार अपेक्षा ठेवू नये. आणि ज्याला काटेकोर इतिहास हवा आहे, त्याने गो. स. सरदेसाई यांची ‘मराठी रियासत’ शेजारी ठेवावी, कारण साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणारी ही कृती अखेर कादंबरी आहे आणि भावनेच्या बाजूने तिचा तोल जाणूनबुजून झुकवलेला आहे.

थेऊरचा शेवटचा भाग मात्र कोणत्याही माध्यमात कादंबरीइतका उतरलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. क्षयाने खंगलेले, सत्तावीस वर्षांचे पेशवे चिंतामणीच्या आवारात अंथरुणाला खिळलेले आहेत, दौलतीवरच्या कर्जाची चिंता त्यांना सोडत नाही आणि धाकट्या नारायणरावांना ते राघोबादादांच्या हाती सोपवतात. पुढे काय घडले ते वाचकाला ठाऊक असते, पात्रांना नसते. त्या सोपवण्यातला विश्वास त्यामुळेच सहन होत नाही. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. कादंबरी हा शेवट पूज्यभावाने रंगवते. आजच्या वाचकाला, विशेषतः तरुण मुलींना, तो अस्वस्थ करील आणि ती अस्वस्थता रास्तच आहे. पुस्तक भेट देताना मी हे आवर्जून सांगतो.

‘रमा माधव’ची गोष्ट कादंबरीच्या बरीच आधी, नानासाहेबांच्या भरल्या घरात आलेल्या लहानग्या रमेपासून सुरू होते. त्यामुळे पानिपतचा घाव येथे आपण रणांगणापेक्षा घरातल्या बायकांच्या चेहऱ्यांवर पाहतो, आणि भाऊंची वाट पाहणाऱ्या पार्वतीबाई मनातून जात नाहीत. पर्ण पेठे यांची रमा आणि आलोक राजवाडे यांचे माधवराव या दोघांचे कोवळे वय खरे वाटते. इतक्या लहान खांद्यांवर केवढा भार होता, हे कळण्यासाठी तेवढे एक कारणही पुरेसे आहे. उणीव आहे ती उत्तरार्धात, कारण आळेगावपासून धोडपपर्यंतचे राजकारण तेथे घाईने उरकते आणि काका-पुतण्याचा पेच उमजण्याआधीच पुढचा प्रसंग सुरू होतो.

मालिकेविषयी थोडक्यात. रवींद्र मंकणी यांचा संयत आवाज आणि मृणाल देव (पुढे कुलकर्णी) यांची षोडशवर्षीय रमा, एवढ्यासाठीही ती पाहावी. जागीरदारांनी १९४४ साली प्रभातच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटात रामशास्त्री प्रभुणे यांची भूमिका केली होती. पेशवाईतला तो करारीपणा त्यांना आतून ठाऊक होता. मालिकेची गती आजच्या सवयीला संथ वाटेल. पण ती पाहून मग ‘रमा माधव’ पाहणाऱ्याला एक वेगळाच आनंद मिळतो: एकेकाळचे माधव आणि रमा तेथे नानासाहेब आणि गोपिकाबाई होऊन, म्हणजे माधवरावांचे आई-वडील होऊन समोर येतात.

तेव्हा वाचनाची सवय असलेल्याने निःशंकपणे कादंबरीपासून सुरुवात करावी. परदेशात वाढणाऱ्या, देवनागरी अडखळत वाचणाऱ्या मुलांसोबत चित्रपट पाहावा आणि शेवटाविषयी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे. सदाशिवराव, विश्वासराव, रघुनाथराव, नारायणराव या नावांच्या गर्दीत ज्याचा गोंधळ उडतो, त्याच्यासाठी माझा क्रम थोडा निराळा आहे: त्याने चित्रपट निदान पानिपतपर्यंत पाहून घ्यावा, घरातली माणसे चेहऱ्यानिशी ओळखीची करून घ्यावीत आणि मग तेथेच थांबून ‘स्वामी’ हाती घ्यावी.